खेळाचे नियम कोण लिहितो?



संगणकाच्या खेळात उडविलेला चेंडू आपोआप खाली येत नाही. बहुधा सेकंदाला साठ वेळा संगणक त्याचा वेग व स्थान नव्याने मोजतो. गुरुत्वाकर्षणाचा नियम त्याला कुणीतरी शिकविलेला असतो. वास्तवाची अशी नियमबद्ध प्रतिकृती म्हणजे सिम्युलेशन. ते शिकणाऱ्याने प्रोग्रॅमिंगसोबत गणित व पदार्थविज्ञानही पक्के करावे लागते.

परंतु समाजाचे नियम निसर्गाने लिहून दिलेले नसतात. अमेरिकेत विल राइट यांनी १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा खेळ आणला. त्यामागे जे फॉरेस्टर यांच्या १९६९ मधील नगरविषयक ग्रंथाची प्रेरणा होती. कर वाढला की नगराची वाढ खुंटते, हे तेथे रचनाकाराने ठरविले. खेळणारा मात्र ते नकळत सत्य मानू लागतो.

म्हणूनच नियम लिहिणारे हात आपलेही हवेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये भारतीय पुराणकथांवर आधारलेला ‘राजी’ हा खेळ जगापुढे ठेवला. कथा आपली झाली. आता आपली गावे, नद्या, पाणीवाटप यांची प्रतिकृतीही आपल्याच अभ्यासातून साकारली पाहिजे. खेळात रमलेल्या मुलावर केवळ रागावू नये. त्याला विचारावे, “हा नियम तू कसा लिहिला असतास?” साधनेचा आरंभ त्या प्रश्नात आहे.