वेगळ्या रीतीने शिकणारी मुले : शाळा उघडण्यापूर्वीची तयारी



जून महिना आला की घरोघरी नव्या वह्या-पुस्तकांचा आनंद असतो. काही घरांत मात्र चिंता असते. स्वमग्न मूल, चित्त एका ठायी न ठरणारे अतिचंचल मूल, बुद्धी तल्लख असूनही अक्षरांशी झगडणारे मूल, या मुलांच्या मेंदूची घडणच निराळी असते. तो आईच्या संगोपनाचा दोष नव्हे. आणि पूर्वकर्माचा बोल लावून त्या मातेला दुखविणे ही तर वाचेची हिंसाच होय.

सुट्टीनंतर शाळेत जाताना असे मूल रडते, अडून बसते. तो हट्ट नसून बहुधा अपरिचिताची भीती असते. नवा वर्ग, घंटेचा कर्कश आवाज, गणवेशाचे खरखरीत कापड, या साऱ्याचा त्याला असह्य भार होतो. म्हणून अपरिचित ते आधीच परिचित करणे, हेच तयारीचे सूत्र आहे.

शाळेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून झोपेची व उठण्याची वेळ रोज थोडी अलीकडे आणावी. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरात दिनक्रम मुळातच बांधलेला असतो. त्याचा येथे मोठा उपयोग होतो. सकाळच्या कामांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावावीत. गणवेश दोन-तीनदा धुऊन मऊ करावा, कॉलरची टोचणारी पट्टी काढावी, घरीच डबा उघडण्याचा सराव द्यावा. शाळा रिकामी असताना वर्ग, पाण्याची जागा व स्वच्छतागृह दाखवून आणावे. मूल कशाने बिथरते व कशाने शांत होते, हे एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांना द्यावे. पहिले काही दिवस घरी परतल्यावर प्रश्नांची सरबत्ती न करता त्यास विसावू द्यावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश व गरजेनुरूप सोयी मिळाव्यात, असे हा कायदा सांगतो. तथापि लोकलज्जेस्तव कित्येक पालक तपासणीच टाळतात, आणि मुलाची मोलाची वर्षे वाया जातात.

येथे समाजाचे कर्तव्य येते. जिनवाणी शतकानुशतके कानांनी ऐकून, मुखोद्गत ठेवून टिकली. ‘श्रुत’ हा शब्दच त्याची साक्ष देतो. मग वाचन न जमणाऱ्या मुलास पाठशाळेत ऐकून सूत्रे शिकू देण्यात उणेपणा कसला? एका जागी न बसवणाऱ्यास चालता चालता पाठांतर करू द्यावे. गोंगाटाने कावणाऱ्यास शांत कोपरा द्यावा.

वस्तूला अनेक अंगे असतात, हे अनेकांताचे शिक्षण. गुणपत्रिका हे मुलाचे एकच अंग होय. त्यावरून त्यास ‘मठ्ठ’ ठरविणे हा एकांतवाद आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या पाठशाळेत असे एकही मूल दाराबाहेर राहू नये, एवढा संकल्प झाला तरी हा महोत्सव सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र!