तारा जोडणारी आज्ञा



आपले गाव तांब्यापितळेच्या भांड्यांचे. घागरीचा घेर वाढविला की खांद्याचे आणि गळ्याचे मापही बदलावे लागते, हे येथील तांबटास सांगावयास नको. हीच गोष्ट आता संगणकावर मांडता येते. राइनो या आरेखनाच्या साधनाला जोडून डेव्हिड रुटन यांनी २००७ साली ग्रासहॉपर तयार केले. त्यात पडद्यावर लहान पेट्या मांडावयाच्या आणि तारांनी जोडावयाच्या. एका पेटीत घेराचा आकडा, दुसरीत वर्तुळ, तिसरीत त्यावरून उभा राहणारा आकार. आकडा बदलला की पुढची प्रत्येक पेटी आपले गणित नव्याने करते.

परंतु घागरीऐवजी हंडा हवा असेल, तर नुसता आकडा बदलून भागत नाही. तारच एका पेटीतून काढून दुसरीस लावावी लागते. अशा पन्नास तारा हाताने बदलणे जिकिरीचे. म्हणून पायथन किंवा सी-शार्प भाषेत थोड्या ओळी लिहून ते काम यंत्राकडून करवून घेतात.

अडचण पुढेच आहे. ही आज्ञाही त्याच जाळ्यातील एक पेटी असते. गणित चालू असतानाच तिने तारा हलविल्या, तर निम्म्या पेट्या जुन्या जोडणीवर, निम्म्या नव्या जोडणीवर चालू लागतील. ग्रासहॉपर अशा वेळी चूक दाखविते. आपल्या पांझरेकाठची फड पद्धत आठवा. एका फडाचे पाणी चालू असता मध्येच दुसरे दार उघडले, तर पुरते भिजणे कोणाच्याच वाट्याला येत नाही. पाटकरी पाळी संपू देतो. तद्वत् आज्ञेने बदलाची वर्दी तेवढी द्यावी. चालू फेरी संपल्यावर तारा बदलाव्या आणि मग नवी फेरी सुरू व्हावी.

आणखी एक सावधगिरी हवी. हाताने जोडलेली तार लगेच माघारी घेता येते. आज्ञेने जोडलेल्या तारेची तशी नोंद आपोआप होत नाही. लिहिणाराने ती मुद्दाम करावी लागते. ती नसेल, तर आज्ञेने हलविलेली तार तशी माघारी घेता यावयाची नाही. रात्री गुपचूप फिरविलेल्या पाण्यावरून गावात काय होते, हे आपण जाणताच. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, यंत्राला बदल करू द्यावा, पण पाळीने आणि नोंदीसह.