ईमेलची चावी कुणाकडे?



आयोजकांनी मला विषय दिला आहे ‘कॉम्प्युटर, मोबाइल आणि आपली खासगी माहिती’, आणि वेळ दिली आहे वीस मिनिटं. माझ्यानंतर जेवण आहे, त्यामुळे वीसची एकवीस होणार नाहीत याची खात्री बाळगा.

सुरुवातीला एक छोटी परीक्षा घेते. ज्यांच्या मोबाइलमध्ये जीमेल आहे त्यांनी हात वर करा. सगळेच. आता ज्यांना त्या जीमेलचा पासवर्ड आत्ता, कुणाला न विचारता सांगता येईल त्यांनीच हात वर ठेवा. म्हणजे मला सांगू नका हं, फक्त हात ठेवा. पाहा, किती हात खाली आले. आता तिसरा प्रश्न: तुमचं ईमेल खातं उघडून कुणी दिलं? मुलानं, भाच्यानं, मोबाइलच्या दुकानदारानं, की फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रावरच्या पोरानं?

माझं बोलणं या तिसऱ्या प्रश्नाबद्दलच आहे.

आपल्याकडे मेहकर असो, चिखली असो की बुलढाणा, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. शिष्यवृत्ती, पीकविमा, प्रवेश, भरती, सगळं तिथूनच होतं. ही मुलं नसती तर आपल्यातल्या कितीतरी जणांच्या पोरांचे प्रवेश हुकले असते, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण काम कसं होतं ते पाहा. फॉर्मला ईमेल लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, नाही बाप्पा माझ्याकडे. दुकानदार दोन मिनिटांत खातं काढतो. पासवर्ड ठेवतो नाव आणि पुढे एक-दोन-तीन, कारण दिवसाला चाळीस खाती काढायची तर लक्षात राहिलं पाहिजे. पासवर्ड विसरला तर कोड यावा म्हणून जो नंबर द्यायचा असतो, तो देतो स्वतःचा. आणि हे सगळं एका वहीत लिहून ठेवतो.

मग तेच खातं आपण नव्या मोबाइलमध्ये टाकतो. इथून पुढे ते फॉर्मपुरतं राहत नाही. फोनमधले नंबर त्या खात्यात साठतात. सेटिंग चालू असेल तर फोटोही तिथे जातात. क्रोममध्ये ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं विचारलं की आपण हो म्हणतो, ते पासवर्डही तिथेच. फोन हरवला तर तो कुठे आहे हे शोधायची सोय त्याच खात्यातून होते, म्हणजे फोन न हरवताही तो कुठे आहे हे त्या खात्यातून पाहता येतं. आता वहीतल्या त्या ओळीची किंमत लक्षात घ्या. आपण घराला कुलूप लावतो आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचं नावही आपल्याला आठवत नाही.

माझ्या नात्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही. त्यानं एका ठिकाणी नोकरीचा अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र ईमेलवर आलं. मधल्या काळात त्याचा फोन बदलला होता, नव्या फोनमध्ये खातं उघडेना, आणि कोड जात होता बंद पडलेल्या एका दुकानाच्या बंद पडलेल्या नंबरवर. ते पत्र त्यानं कधीच वाचलं नाही. मुलाखत होऊन गेल्यावर बरोबरीच्या मुलाकडून कळलं. इथे कुणी चोर नव्हता, कुणाचा वाईट हेतू नव्हता. तरी नोकरी गेली ती गेलीच.

आता चोरांकडे येते.

आपण शाळेत होतो त्या काळात कॉम्प्युटरचा व्हायरस फ्लॉपीतून यायचा. त्या व्हायरसला आपलं अस्तित्व दाखवायची हौस असायची. पडद्यावर अक्षरं पडायची, फाइली उडायच्या, मशीन बंद पडायचं. त्या काळातली एक गोष्ट आपल्या अभिमानाची आहे. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर, शिक्षण दहावीपर्यंत, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले आणि त्यातले पुष्कळसे व्हायरसमुळे बिघडलेले असत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी ते व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ उभं राहिलं. मी इंजिनिअरिंगला असताना कितीतरी मशीनवर ते पाहिलं आहे. सांगायचं कारण असं की ज्यानं रोग ओळखला तो दुरुस्तीच्या टेबलावर बसलेला माणूस होता. हे फक्त इंजिनिअरांना कळणारं शास्त्र आहे असं मानू नका.

आजचा चोर वेगळा आहे. त्याच्या प्रोग्रामला स्पायवेअर म्हणतात, म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्राम. तो काही बिघडवत नाही, कारण तुम्हाला संशय आला तर त्याचा धंदा बुडतो. तुमचा फोन छान चालू राहावा अशी त्याचीही इच्छा असते. तुम्ही पेगॅससचं नाव ऐकलं असेल. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं सांगितलं की या इस्रायली स्पायवेअरनं जगभरातल्या सुमारे १४०० जणांना लक्ष्य केलं होतं. त्यात आपल्या नागपूरचे वकीलही होते. तिथे नुसता मिस्ड व्हिडिओ कॉल पुरेसा होता. पण तो कोट्यवधींचा मामला आहे. तुमच्या-माझ्यासाठी कुणी एवढा खर्च करत नाही. आपल्यासाठी फुकटातलं हत्यार पुरतं, आणि ते आपण स्वतःच्या हातानं आत घेतो.

ते येतं लग्नपत्रिका बनून. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या माणसाकडून एक फाइल येते, नाव ‘लग्नपत्रिका’, आणि शेवटी एपीके. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे पत्रिका नाही, ॲप आहे. शेतकऱ्याला तेच येतं पीएम किसानच्या नावानं, गाडीवाल्याला आरटीओच्या चलनाच्या नावानं. दाबलं की फोन आधी सावध करतो, बरं का. ‘अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायचं का?’ असं तो विचारतो. आपण ‘अलाऊ’ करतो. मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. पुन्हा अलाऊ. झालं. यापुढे बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो, आणि तुमच्या नावानं तीच पत्रिका तुमच्या ओळखीच्यांना जाते. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर उद्या अशी पत्रिका पडली तर किती जण उघडतील? कुणाच्या पोरीचं लग्न म्हणून निम्मे तरी उघडतीलच. विवेकानंद जयंतीला आश्रमात पुरी-वांग्याच्या महाप्रसादाची पंगत बसते तेव्हा वाढणारा कोण, कुठला हे कुणी विचारत नाही. ते शोभतंच. पण फोनवर वाढायला आलेल्याला मात्र विचारा. ज्याच्याकडून फाइल आली त्याला साधा फोन लावा, ‘काय पाठवलं रे?’ म्हणून.

लाईट बिलाचा प्रकार तर ऐकलाच असेल. ‘बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडणार’ असा मेसेज, खाली एक मोबाइल नंबर. फोन केला की समोरचा गोड आवाजात एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगतो. ते ॲप खोटं नाही. दूरचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला आम्ही इंजिनिअर अशीच ॲप वापरतो. त्यातून समोरच्याला तुमचा पडदा दिसतो. आणि त्या पडद्यावर तुम्ही दहा रुपये भरायला बँकेचा पिन टाकत असता.

आता जरा अवघड विषय. गेल्या वर्षभरात आपल्यापैकीच दोघा-तिघांनी मला वेगवेगळं विचारलं, ‘पोरीच्या मोबाइलमध्ये काय चालू आहे ते मला दिसेल, आणि तिला कळणार नाही, असं ॲप सांग ना.’ मी सांगितलं नाही. राग आला असेल तर इथे सगळ्यांसमोर कारण देते. असं ॲप म्हणजेच स्पायवेअर; फक्त हेर घरातला. मुलीचे मेसेज, फोटो, ठावठिकाणा आधी कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि मग तुम्हाला दिसतो. एमस्पाय नावाच्या अशाच एका कंपनीचा साठा २०१५ मध्ये फुटला आणि २०२४ मध्ये पुन्हा फुटला. म्हणजे पोरीला जपायला म्हणून तुम्हीच तिचे फोटो अनोळखी लोकांपर्यंत पोचवले.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उद्या एखादा मुलगा तिला फोटोवरून धमकावू लागला, तर तिनं पहिल्यांदा तुमच्याकडे यायला हवं. बाप चोरून फोन वाचतो हे ज्या मुलीला कळलं, ती येणार नाही. लहान मुलांसाठी गूगलचं फॅमिली लिंक आहे, ते उघडपणे चालतं, मुलाला माहीत असतं. तेवढं वापरा, आणि का वापरतो ते सांगून वापरा.

हे नवराबायकोलाही लागू आहे. मैत्रिणींनो, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ असं पान आहे. फोन दोन मिनिटं दुसऱ्याच्या हातात गेला की तो आपल्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडू शकतो, मग सगळं बोलणं तिकडेही दिसत राहतं. त्या पानावर अनोळखी नाव दिसलं तर दाबा आणि ‘लॉग आउट’ करा. आज जेवायच्या आधीच पाहून घ्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. तो हक्क उंबरठ्याच्या आतही असतो.

ईमेलचं काम दहा मिनिटांचं आहे. पासवर्ड बदला, लांब ठेवा. मराठीतले एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तरी चालतील. परत मिळवायचा नंबर तुमचा आहे ना पाहा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. ‘युअर डिव्हाइसेस’मध्ये न ओळखीचा फोन असेल तर काढून टाका. आणि कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंगमधलं ‘फॉरवर्डिंग’ एकदा पाहाच, कारण तिथे कुणी आपला पत्ता घालून ठेवला असेल तर पासवर्ड बदलूनही तुमची पत्रं त्याच्याकडे जात राहतात. हे फार थोड्यांना माहीत असतं.

पैसे गेलेच तर लाजू नका, तासभरही थांबू नका, १९३० ला फोन करा. लवकर कळलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. बुडालेल्यांमध्ये मास्तर असतात, बँकेतले असतात, माझ्यासारखे इंजिनिअरही असतात.

शेवटचा मुद्दा संपादक मंडळासाठी. या स्मरणिकेसाठी जो फॉर्म आपण भरला त्यात जन्मतारीख, घरचा पत्ता, मोबाइल, नवराबायकोचं नाव, मुलांची नावं आणि त्यांच्या शाळा इतकं सगळं मागितलं आहे. हेतू चांगलाच आहे, मुलांच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडावं. पण स्मरणिका छापली की तिची पीडीएफ होणार, आणि पीडीएफ कुठे थांबत नाही. ‘मी तुमच्या अमक्या शाळेतल्या मुलाच्या हॉस्टेलमधून बोलतोय’ असं म्हणणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. माझी विनंती: नाव, गाव आणि व्यवसाय छापा. नंबर ज्याची लेखी संमती असेल त्याचाच. मुलांची माहिती आणि जन्मतारखा अजिबात नकोत. आणि ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉर्म आहे त्यानं काम झाल्यावर तो काढून टाकावा. सरांना विचारून आत्ताच ठरवलं तर बरं.

जेवणानंतर मी व्हरांड्यात बसणार आहे. ज्यांना पासवर्ड आठवत नाही त्यांनी फोन घेऊन या. खातं कुणी काढून दिलं होतं तेवढं मात्र आधी घरी फोन करून विचारून ठेवा. गुरुजनांना रांग नाही. चार्जर आपापला आणा.