प्रेक्षक नव्हे, उपासक



  या संमेलनाच्या अध्यक्षाने मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’पर्यंतचा वारसा आपल्यामागे आहे. जानेवारी २०२०मध्ये दिब्रिटो उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा या वारशाला सबंध महाराष्ट्राने दाद दिली. पण त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत चर्चची दारं बंद झाली. त्या वेळी घरात अडकलेल्या मराठी कॅथलिक माणसाच्या हाती या चारशे वर्षांच्या साहित्याने काय दिलं? गेली काही वर्षं हा प्रश्न मी मनात बाळगून आहे. आज आढावा बाजूला ठेवून तोच प्रश्न आपल्यापुढे मांडतो.

घडलं ते सर्वांना ठाऊक आहे. २५ मार्च २०२०पासून देशात टाळेबंदी लागली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १०ला गुड फ्रायडे, १२ला ईस्टर. वर्षातला सर्वांत पवित्र आठवडा कुलूपबंद चर्चमध्ये गेला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. एप्रिल २०२१मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. या काळात आपल्या धर्मग्रामांनी एक गोष्ट तत्परतेने केली: वेदीसमोर कॅमेरा लावला. माझं म्हणणं असं की आपण उपासनेत बदल केला, पण तो चुकीच्या जागी केला. बदल व्हायला हवा होता घरात आणि रुग्णाच्या उशाशी; तो झाला फक्त वेदीपाशी.

रोमने निर्णय वेगाने घेतले, हे आधी मान्य करायला हवं. उपासनाविषयक मंडळाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी मार्च २०२०च्या आदेशात सांगितलं की ईस्टरची तारीख ढकलता येणार नाही. पाय धुण्याचा विधी गाळावा. गुड फ्रायडेला क्रुसाचं चुंबन फक्त विधी चालवणाऱ्या धर्मगुरूने घ्यावं. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारसाठी सूचना आली: धर्मगुरूने राखेचं वचन सर्वांसाठी एकदाच म्हणावं, हात स्वच्छ करावेत, मास्क लावावा आणि मग एकेकाच्या डोक्यावर काही न बोलता राख टाकावी. भारताला तर यातलं काही नवं वाटायचं कारण नव्हतं. १९६९मध्ये रोमने भारतासाठी उपासनेतले बारा बदल मंजूर केले, त्यांत शांतीची खूण म्हणून हात जोडणं होतं, आणि पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला हाताने स्पर्श करून तो हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावणंही होतं. हस्तांदोलनाला पर्याय काय, याचा विचार इतर देश करत होते, तेव्हा आपल्यापाशी अर्ध्या शतकाचा सराव होता. संस्कृतीनुसार आणि परिस्थितीनुसार उपासना बदलता येते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणूनच ख्रिस्तशरीर जिभेवर घ्यावं की हातावर, या वादात आपली माणसं महिनोन्महिने अडकली याचं मला दुःख होतं. हातावर घेणं भारतात आधीपासून मान्य होतं. वाद तिथेच संपायला हवा होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ला उपासनेविषयीचं संविधान जाहीर केलं. श्रद्धावंतांनी उपासनेत परक्यासारखं किंवा मुक्या प्रेक्षकासारखं उपस्थित राहू नये, जाणतेपणाने सहभागी व्हावं, हा त्याचा गाभा. त्याच परिषदेने कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा मानलं. मराठीत मिस्सा आली ती या परिषदेमुळे. आणि मग महामारीत आपण काय केलं? कुटुंबाला पडद्यापुढे बसवलं. धर्मगुरू एकटा प्रार्थना म्हणतो, प्रतिसादही त्याचाच किंवा दोन धर्मभगिनींचा, आणि घरातली माणसं सोफ्यावर बसून पाहतात. पोप फ्रान्सिस यांनी १७ एप्रिल २०२०च्या प्रवचनात हाच धोका दाखवला होता: लोकांपासून आणि संस्कारांपासून तुटलेली, केवळ पडद्यावरची जवळीक ही ख्रिस्तसभा नव्हे, ही वाट बोगद्यातून बाहेर पडण्यासाठी आहे, आत राहण्यासाठी नव्हे. त्यांचा इशारा आपण भाषांतरित केला, छापला आणि कॅमेरा तसाच चालू ठेवला.

यावर कुणी म्हणेल, दुसरा मार्गच कुठे होता? मार्ग होता आणि तो फार जुना आहे. १५७६मध्ये मिलानमध्ये प्लेग पसरला, लोकांना घरांत कोंडण्यात आलं. आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. खिडकीतून मिस्सा दिसेल अशी सोय केली. पण ते तिथे थांबले नाहीत. दिवसातून सात वेळा घंटा वाजे आणि ती ऐकून लोक आपापल्या दारा-खिडक्यांतून प्रार्थना म्हणत. एका बाजूने ओळ निघे, समोरच्या बाजूने उत्तर येई. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू उंबऱ्याबाहेर बसत. घर बंद होतं, पण घरातल्या माणसाचं तोंड बंद नव्हतं. मुंबईत १८९६मध्ये प्लेग आला, तेव्हाच्या ईस्ट इंडियन कॅथलिक वस्त्यांनी उभारलेले क्रूस वांद्र्याच्या गल्ल्यांत आजही उभे आहेत; तिथे जपमाळ म्हटली ती वस्तीतल्या बायकापुरुषांनी. गोव्यात घरच्या वेदीपुढे किंवा वाटेवरच्या क्रुसापाशी लादाइन्य, म्हणजे सामुदायिक प्रार्थनागायन, होते, ती गावकरीच गातात. आणि जपानची साक्ष तर सर्वांत मोठी. तिथे छळामुळे दोनशेहून अधिक वर्षं एकही धर्मगुरू नव्हता. गावातला एक माणूस सणांची दिनदर्शिका सांभाळी, दुसरा बाळांना स्नानसंस्कार देई, प्रार्थना आईकडून मुलाकडे जात. १७ मार्च १८६५ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे गावकरी फादर पेतिजाँ यांच्यासमोर आले आणि आपली श्रद्धा त्यांच्या श्रद्धेसारखीच असल्याचं त्यांनी सांगितलं. आपल्याला दोनशे वर्षं नव्हे, मोजके महिने काढायचे होते.

ही केवळ जुन्या काळाची भलामण नव्हे. ख्रिस्तसभेचा आजचा कायदाच हे सांगतो. धर्मगुरूअभावी किंवा अन्य गंभीर कारणाने मिस्सेला जाता येत नसेल, तर श्रद्धावंतांनी शब्दविधीत भाग घ्यावा किंवा एकट्याने, कुटुंबासह वा काही कुटुंबांनी मिळून पुरेसा वेळ प्रार्थना करावी, अशी शिफारस कलम १२४८ करतं. गरजेच्या वेळी योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती स्नानसंस्कार देऊ शकते. कलम १००० म्हणतं की रुग्णाभिषेक धर्मगुरूने स्वतःच्या हाताने करावा, पण गंभीर कारण असल्यास साधन वापरता येतं. म्हणजे तेलात बुडवलेला कापसाचा बोळा पुरे, बोट लावलंच पाहिजे असं नाही. मृत्युशय्येवरच्या माणसाला देवाच्या हाती सोपवण्याची प्रार्थना धर्मगुरू नसेल तर जवळचं कुणीही चालवू शकतं. अंत्यविधीही आवश्यकता पडल्यास प्रापंचिकाने चालवावा, अशी तरतूद १९६९च्या विधिग्रंथात आहे. २० मार्च २०२०ला रोमच्या प्रायश्चित्तविषयक न्यायालयाने जाहीर केलं की ज्यांना मरणसमयी अभिषेक आणि प्रभुभोजन मिळू शकत नाही, पण ज्यांनी आयुष्यात प्रार्थना केली आहे आणि ज्यांचं मन तयार आहे, त्यांना पूर्ण पापदंडमुक्ती मिळेल. हाती क्रूस असावा. हे मराठीतल्या किती कुटुंबांपर्यंत पोहोचलं? त्या दिवसांतलं चित्र आठवा. मृतदेह प्लास्टिकच्या पिशवीत बंद, पीपीई किट घातलेली चार माणसं, लांब उभा धर्मगुरू, आणि फाटकाबाहेर किंवा फोनच्या पडद्यावर घरची माणसं. ३० मार्च २०२०ला मुंबई महापालिकेने सर्वच कोविड मृतदेहांच्या दहनाचा आदेश काढला आणि त्याच दिवशी बदलला. त्यानंतरही पुरावं की जाळावं यावर आपण भांडत राहिलो, खरं तर ख्रिस्तसभेने दहनाला १९६३मध्येच परवानगी दिली आहे. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मुलीने काय म्हणावं, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

यावरचे आक्षेप मी जाणतो. पहिला असा की घरात प्रार्थनेची सवय लागली तर लोक चर्चमध्ये परतणार नाहीत. मला उलट वाटतं. परतायला कचरतो तो घरबसल्या मिस्सा पाहायला सरावलेला माणूस, कारण आपण मिस्सा पाहिली असं त्याला वाटत असतं. घरात शुभवर्तमान वाचून प्रार्थना करणाऱ्याला आपल्याला प्रभुभोजन मिळालेलं नाही हे पक्कं ठाऊक असतं. ती भूकच त्याला वेदीपाशी आणते. सप्टेंबर २०२०मध्ये कार्डिनल सारा यांनीही लिहिलं की कोणतंही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अंथरुणाला खिळलेल्यांचा. त्यांच्यासाठी मिस्सेचं प्रसारण जरूर असावं, रेडिओच्या काळापासून ते चालत आलं आहे. माझा विरोध प्रसारणाला नाही. धडधाकट कुटुंबाला तेवढ्यावर सोडून देण्याला आहे. तिसरा आक्षेप विचारतो: मिस्सा फोनवर चालते, तर पापनिवेदन का नाही? रोमने ते नाकारलं आणि ते योग्यच केलं, कारण संस्कार ही एका माणसाने दुसऱ्यासमोर येऊन करण्याची गोष्ट आहे. पण नकार जितका ठामपणे कळवला, तितक्याच ठामपणे दुसरी बाजू कळवायला हवी होती. देवावरच्या प्रेमातून उपजलेला पूर्ण पश्चात्ताप आणि पुढे शक्य होताच पापनिवेदन करण्याचा दृढ निश्चय असेल, तर मोठ्या पापांचीही क्षमा मिळते, असं कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं. पोप फ्रान्सिस यांनी त्या मार्चमध्ये प्रवचनात हे साध्या शब्दांत समजावलं. शेवटचा आक्षेप असा की प्रापंचिकांच्या हाती विधी दिले तर चुका होतील. जपानमध्ये तसं झालंही. प्रार्थनांचे शब्द पिढ्यान्पिढ्या झिजत गेले. ते झिजले, कारण तिथे पुस्तकं बाळगणंच जिवावर बेतणारं होतं. आपल्याला छापखाने आहेत, शाळा आहेत, लेखक आहेत. चुकीची भीती वाटत असेल तर तिच्यावर उपाय एकच, नीट लिहिलेला पाठ.

म्हणून माझी मागणी लेखकांकडे आहे. घरच्या उपासनेचं एक मराठी पुस्तक आपल्याला हवं आहे: रविवारच्या शब्दविधीचं, पश्चात्तापाचं, मरणाऱ्याच्या उशाशी म्हणायचं, पुरण्याच्या आणि दहनाच्या वेळचं, आणि दाराआड एकट्या राहिलेल्या माणसाचं. भाषा अशी हवी की आजी वाचेल आणि नातू उत्तर देईल. सामवेदी, वाडवळी, ईस्ट इंडियन बोलींतले पाठ त्याबरोबर असावेत. कवींनी लिहावं, उपासनाशास्त्र जाणणाऱ्यांनी तपासावं, बिशपांनी मान्यता द्यावी, धर्मग्रामांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ते मुलांकडून म्हणवून घ्यावं. यासाठी समिती कशी असावी, पैसा कुठून यावा, हे आपण बसून ठरवू. बिशप महोदयांना मी आदराने पण स्पष्टपणे सांगतो: पुढच्या संकटात पहिला आदेश कॅमेऱ्याचा निघू नये, या पुस्तकाचा निघावा. आणि लेखक मित्रहो, पुढची साथ तारीख सांगून येणार नाही. हे काम या संमेलनातच हाती घ्या.