समुद्र किनारा कसा घडवतो?



आपल्या कोल्हापुरात समुद्र नाही.
पण आंबा घाट उतरून पुढे गेलं,
की रत्नागिरीचा किनारा लागतो.

हा किनारा घडवतो कोण?
समुद्रच!
तो खडक झिजवतो,
आणि वाळू आणून टाकतो.

आधी झिजवणं पाहू.
गुहागर तालुक्यात हेदवी गाव आहे.
तिथल्या काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे.
तिचं नाव बामणघळ.
लाटा खडकाच्या भेगेत घुसतात.
पाण्यातली वाळू आणि गोटे खडकाला घासतात.
भेग हळूहळू रुंदावते.
भरतीला तिथे पाणी खूप उंच उसळतं.
म्हणून ते लांबूनच पाहायचं, बरं का!

आता वाळू टाकणं.
मालवणजवळ देवबाग आहे.
एका बाजूला कर्ली नदी,
दुसऱ्या बाजूला समुद्र,
आणि मधे वाळूची लांब पट्टी.
लाटांनीच ही वाळू किनाऱ्यालगत रचली.
आज तिच्यावर माड आहेत, घरं आहेत.
पावसाळ्यात खवळलेला समुद्र
तीच वाळू ओढूनही नेतो.

मग लक्षात काय ठेवायचं?
समुद्र खडक झिजवतो.
समुद्र वाळू आणून टाकतो.
म्हणून किनारा सतत बदलत राहतो.

आता किनाऱ्यावर गेलात, की एक गोटा हातात घ्या.
तो इतका गुळगुळीत कसा झाला,
ते तुम्हीच आई-बाबांना सांगा!