जंतूच्या घरची काटकसर

कृष्णाकाठचा शेतकरी ऊंस आल्याविना गुऱ्हाळ पेटवीत नाहीं. हेंच शहाणपण डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जंतूच्या ठायीं आहे, असें म्हटलें तर श्रोत्यांना नवल वाटेल. सांगलीच्या एखाद्या घरांत पेलाभर दूध पोटांत जातें. पुष्कळ प्रौढांना दुधांतील साखर पुरती पचत नाहीं. उरलेली मोठ्या आंतड्यांत उतरते. तेथें ई. कोलाय नांवाचा जंतु राहतो. ही साखर फोडणारें द्रव्य तो बनवूं शकतो. परंतु साखर नसतांना तें बनविणें म्हणजे रिकामें गुऱ्हाळ पेटविणें होय.

मग हा इवलासा जीव वेळ कशी ओळखतो? पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनीं १९६१ सालीं याचा उलगडा मांडला. जनुकाच्या आरंभीं डीएनएचा जो लहानसा भाग असतो, त्यास प्रमोटर म्हणतात. जनुकाची नक्कल करणारें पॉलिमरेज नांवाचें यंत्र येथेंच बसतें. त्याला लागूनच सुमारें २१ अक्षरजोड्यांची एक जागा आहे. दुधाची साखर नसली कीं रिप्रेसर हें प्रथिन तेथें ठाण मांडून वाट अडवितें.

सुमारें ४६ लक्ष अक्षरजोड्यांच्या पोथींतून नेमकी ओळ त्याला सांपडते तरी कशी? त्याचा एक वळसा डीएनएच्या रुंद खांचेंत शिरतो आणि अक्षरांच्या कडा चांचपतो. आंधळा मनुष्य उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवून वाचतो, तद्वत् हें वाचन होय. त्यासाठीं पीळ उलगडावा लागत नाहीं. साखर आंत येतांच तिचेंच एक रूपांतर रिप्रेसरला चिकटतें. त्याचा आकार किंचित् बदलतो, पकड सुटते व वाट मोकळी होते. तरीही काम जोरानें चालण्यास ग्लुकोज संपलें पाहिजे. तें संपल्यावर दुसरें एक प्रथिन प्रमोटरवर बसून पॉलिमरेजला हात देतें. रिप्रेसर प्रत्यक्ष वेगळा काढला तो वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्युलर-हिल यांनीं, १९६६ सालीं.

या युक्तीची दुसरी बाजू घरोघरीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. टेट्रासायक्लिनला न जुमानणाऱ्या कित्येक जंतूंत असाच पहारेकरी असतो. औषध आंत येतांच त्यालाच चिकटतें. तो जागा सोडतो आणि औषध बाहेर फेकणारा पंप बनूं लागतो. जें मारावयास आलें, त्यानेंच ढाल घडविण्याचा हुकूम दिला! सर्दीपडशासाठीं मनानेंच जंतुनाशक गोळी घेतली, तर सर्दीच्या विषाणूंना धक्काही लागत नाहीं. मरतात ते साधे जंतु, आणि उरतात ते ढालवाले. तेव्हां डॉक्टरांना विचारल्यावांचून अशी गोळी न घेणें, हाच या सूक्ष्म विद्येचा घरगुती धडा होय.