‘बंद’च्या पुढे तारीख हवी



आमच्या कोल्हापुरात पाहुण्याला आधी जेवायला वाढतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. मीही जेवणापासूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दीर्घकाळचा दाह, असलेली एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. आईच्या हातात दोनशे पानी वही. पानोपानी पदार्थांची नावं आणि पुढे लाल शाईत ‘बंद’. दूध बंद, ज्वारी बंद, मेथी बंद, पेरू बंद. काही शेजारणीने सांगितलेलं, काही मोबाईलवर वाचलेलं. उरला होता मऊ भात आणि ताक. दाह शमून दीड वर्ष झालं होतं, तरी पोरगी तेवढ्यावरच, वजन 38 किलो. त्या माउलीचं काय चुकलं? ‘तिखट-तेलकट टाळा’ यापलीकडे आम्ही डॉक्टरांनी तिला काही सांगितलंच नव्हतं.

भाजी-भाकरीतला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जीवाणू तो आंबवून ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. ते बनवणारा फीकॅलिबॅक्टेरियम नावाचा जीवाणू क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजाराच्या अनेक रुग्णांत घटलेला आढळतो. उंदरांना चोथा मिळेनासा झाला, तेव्हा काही जीवाणू आतड्याचं रक्षण करणारा श्लेष्माचा थरच कुरतडू लागले. म्हणून ‘बंद’ हा शब्द मला भीतिदायक वाटतो. तो लिहिताना आपण रुग्णाबरोबर त्याच्या जीवाणूंनाही उपाशी ठेवत असतो.

आहाराला कमी लेखू नका. क्रोन्स झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे केवळ ठरावीक द्रव आहार दिला, तर अनेकांचा दाह स्टिरॉइडशिवाय शमतो. दिल्लीच्या एम्सने 2022 मध्ये कोलायटिसच्या 66 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. त्यातल्या एका गटाला निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जीवाणू आणि जोडीला दाहशामक आहार दिला होता. पुढे हा आहारच चालू ठेवला. नुसत्या नेहमीच्या औषधांपेक्षा त्या गटाला जास्त गुण आला.

मात्र आतडं अरुंद झालं असेल तर चोथा अडकतो, दाह पुन्हा उसळला असताना, म्हणजे फ्लेअरमध्येही, तो कमी करावा लागतो. आणि आहार सुरू केला म्हणून कुणीही मनाने औषध सोडू नये.

इथे जमलेल्या डॉक्टर सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आहारतज्ज्ञाला पहिल्या भेटीपासून सोबत बसवा, आणि चिठ्ठीवर ‘बंद’ लिहाल तेव्हा पुढे ‘केव्हापर्यंत’ तेही लिहा. त्या मुलीला आम्ही एकेक पदार्थ परत सुरू केला, आधी साल काढलेला दुधी, मग पातळ भाकरी. आज ती या सभागृहात बसली आहे.

दुपारी मुगाची मऊ खिचडी, दुधीची भाजी आणि ताक वेगळ्या टेबलावर आहे. दोन्ही दारांजवळची स्वच्छतागृहं रुग्णांसाठी राखून ठेवली आहेत. भाषण कुणाचंही चालू असो, संकोच न करता उठून जा.